तासभर ओ द्यायची नाही

सोमवार, ३

आले एकदाची! दादानं मॉनिटर पोटाशी धरून एकोणीस पायऱ्या चढवला आणि दर पायरीला मला एक शिवी दिली. शेवटच्या पायरीवर टेकला आणि म्हणाला, ढबे, तुझी पाठवणी केली असती तरी एवढं ओझं झालं नसतं. ढबू हे माझं घरातलं नाव. लहानपणी गुटगुटीत होते. आता नाहीये, पण नाव चिकटलं ते चिकटलं.

घर एक नंबर आहे. खाली घरमालकीण काकू एकट्या, वर मी एकटी. वरच्या मजल्यावर पूर्वी काकांचं ऑफिस होतं. काका गेले, टेबलं गेली, पण भिंतीतले नेटवर्कचे सॉकेट तसेच राहिलेत. प्रत्येकावर काकांच्या सुवाच्य अक्षरातली चिठ्ठी आहे: जिना, पॅसेज, स्वयंपाकघर, टेबल. एकावर मात्र चिठ्ठी नाही. सगळ्या वायरी माझ्या टेबलाशेजारच्या यंत्रांच्या रॅकमध्ये येतात. रॅक मास्तरांचा, म्हणजे आमच्या क्लासच्या सरांचा. परीक्षेआधी सरावाला ते एकेकाला इथेच पाठवतात. रॅकमधले पंखे असे घोंघावतात की वाटतं, आता घर उडणार.

काकूंची अट एकच. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, मनात धास्ती आहे. दिवसातून तीनदा त्या खालून हाक मारणार, "आहेस का गं?" आणि मी वरून ओ द्यायची. ओ आली नाही तर त्या शेजारणीला वर पाठवणार. हाक आली नाही तर मी खाली जायचं. मी म्हटलं, काकू, आमच्या यंत्रांचंही अगदी असंच असतं. सारखी एकमेकांना विचारत असतात, आहेस का म्हणून, आणि उत्तर आलं नाही की समजायचं, गेलं. काकू म्हणाल्या, जळलं मेलं ते यंत्र, तू जेवलीस का ते सांग.

परीक्षा शुक्रवारी, २८ला. आठ तास, हातानं करायची. नुसतं पाठ करून काही होत नाही. हा माझा तिसरा प्रयत्न आणि ऑफिसच्या हिशोबानं शेवटचा. पास झाले तर सिक्युरिटीच्या टीममध्ये. नाही तर परत हेल्पडेस्कवर, लोकांचे विसरलेले पासवर्ड बदलत म्हातारी होणार.

बुधवार, ५

आठ ते चार, बरोब्बर परीक्षेइतके आठ तास बसतेय. मधे वीस मिनिटं जेवण. चारला पेन खाली, म्हणजे कीबोर्ड खाली. मग ही वही.

ही वही पण मास्तरांचंच खूळ. म्हणाले, दिवसभरात काय चुकलं ते संध्याकाळी हातानं लिही, बोटांना लाज वाटली पाहिजे.

फायरवॉल म्हणजे दारावरचा वॉचमन. त्याच्याकडे एक यादी असते, कुणाला आत सोडायचं आणि कुणाला नाही. यादीतल्या प्रत्येक ओळीपुढे आकडा असतो, त्या ओळीच्या जोरावर किती जण आत आले त्याचा. आणि एक गंमत. आतल्या माणसानं बाहेर काही विचारलं, तर त्याचं उत्तर यादी न बघता आत येतं. तू बोलावलंस ना, मग येऊ दे. हा पहिल्या दिवसाचा धडा.

काकूंची तिसरी हाक पावणेचारला येते. मी टाइप करता करता ओ देते. माझं मलाच कळत नाही. आमच्या घरात हाकेला ओ दिली नाही की पाठीत धपाटा. आई सगळ्यांना कौतुकानं सांगते, माझी पोरं झोपेतसुद्धा ओ देतात.

सोमवार, १०

मागच्या वेळी का नापास झाले ते इथे लिहून ठेवते, म्हणजे बोटांना लाज वाटेल.

एक कनेक्शन चालत नव्हतं. वेळ संपत आलेली. अशा वेळी आमच्यातला प्रत्येक जण एक पाप करतो. यादीत सगळ्यांत वर एक ओळ टाकतो: कुणीही, कुठूनही, काहीही, येऊ दे. फक्त बघायला, की अडकतंय ते यादीतच का आणखी कुठे. मग ती ओळ काढायची असते. मी काढायला विसरले. परीक्षकानं शेरा मारला होता, घराला कुलूप उत्तम, दार नाही.

मास्तर आजही फोनवर तोच शेरा ऐकवून हसले. मीही हसले. दुसरं काय करणार.

बुधवार, १२

आज परत तेच. आज तरी परीक्षा नव्हती, एवढंच नशीब.

सरावासाठी फायरवॉलला एक 'बाहेर' लागतं. मास्तर म्हणाले, कुठलीही मोकळी वायर लाव, दिवा हिरवा झाला की बास. मी बिनचिठ्ठीच्या सॉकेटची लावली. दिवा लगेच हिरवा झाला. पलीकडे काहीतरी चालू असल्याशिवाय तो हिरवा होत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दुपारी एक गोष्ट चालेना. टाकली ती ओळ. कुणीही, कुठूनही, काहीही. चहा करायला गेले आणि विसरले. वीस मिनिटांनी आठवण आली तेव्हा ओळीपुढे आकडा होता: १.

फक्त एक. बाहेरून आत.

ओळ तिथल्या तिथे काढली. पण ओळ काढून आत आलेला बाहेर जात नाही. हेही पहिल्याच आठवड्यात शिकवतात. वॉचमनला उद्यापासून कुणाला सोडू नको म्हटलं, तर काल आलेला पाहुणा सोफ्यावरून उठत नाही. कनेक्शन यादीत दिसत होतं. वय: बावीस मिनिटं. गप्प: चार मिनिटं. म्हणजे शेवटचं बोलणं झाल्याला चार मिनिटं. तासभर गप्प राहिलं तर ते आपोआप तुटतं. म्हटलं, जाईल.

शुक्रवार, १४

गेलं नाही.

वय दोन दिवस. 'गप्प' कधीच तासापर्यंत पोचत नाही. पन्नास, बावन्न, आणि परत शून्य. आतल्या सगळ्या वायरी ज्या डब्यात येतात, त्या स्विचवर जिन्याच्या सॉकेटचा दिवा लागलाय. जाऊन बघितलं. तिथे काही लावलेलं नाही. नुसतं भोक आणि काकांची चिठ्ठी.

मास्तरांना फोन केला. म्हणाले, स्विच जुना आहे, माझ्यासारखा, अधूनमधून बरळतो.

काकूंच्या हाका वाढल्यात. आज नऊ झाल्या. म्हातारं माणूस, भीती वाटत असेल. दिल्या ओ.

सोमवार, १७

आज अभ्यास केला नाही, नुसतं घड्याळ बघत बसले.

हाक आली, "आहेस का गं?" मी म्हटलं, ओ. स्क्रीनवर 'गप्प' शून्यावर आलं. योगायोग असेल. बावन्न मिनिटांनी परत हाक. ओ. शून्य. मग पुढच्या हाकेला दात आवळून गप्प बसले. आकडा चालत राहिला, त्रेपन्न, चोपन्न. हाक परत आली. सत्तावन्न. परत. तोच सूर, तोच हेल, मधला 'का' तेवढाच लांब. अठ्ठावन्नला माझ्या तोंडून ओ निघून गेली. धपाट्याची सवय.

शून्य.

म्हटलं, काकूंनाच विचारू, दिवसात इतक्यांदा का हाक मारता.

खाली कुलूप होतं.

समोर शिवणकाम करणारी शेजारीण मशीनवरून उठून आली. म्हणाली, काकू शनिवारी सकाळीच बहिणीकडे गेल्या, अठ्ठावीसच्या संध्याकाळी येतील. तुला जिन्यातून ओरडून सांगून गेल्या की, आता हाक मारणार नाही, ओ द्यायची काळजी करू नको. वर म्हणाली, मी होते ना शेजारी उभी, तू ओ दिलीस की.

दिली असेन. पंख्यांच्या आवाजात, टाइप करता करता. काय सांगताहेत ते न ऐकता.

मी उभी होते तिथेच, अंगणात. वरून आवाज आला. "आहेस का गं?"

शेजारणीला विचारलं, ऐकलंत का? ती म्हणाली, काय?

मंगळवार, १८

काल झोपताना कनेक्शनचं वय पाच दिवस आठ तास होतं. सकाळी पाच दिवस सोळा तास. म्हणजे रात्रभर तुटलेलं नाही. म्हणजे रात्रभर कुणीतरी ओ देत होतं.

आई म्हणतेच, माझी पोरं झोपेतसुद्धा ओ देतात.

दिवा आता जिन्याचा नाही. पॅसेजचा आहे.

बुधवार, १९

कनेक्शन हातानं तोडलं. एक कमांड असते. टाकली आणि गेलं! यादी कोरी! मी खुर्चीतच नाचले. सात दिवसांत पहिल्यांदा चहाला चव लागली.

मग पॅसेजमधून, अगदी हळू: "आहेस का गं?"

आणि मी विचारलं, कोण आहे?

मी विचारलं. आतून. पहिल्या दिवसाचा धडा. यादी न बघता, बिनपरवाना. स्क्रीनवर नवं कनेक्शन. सुरुवात करणारी बाजू: आतली. सॉकेट: टेबल.

आता कमांड टाकली की दोन सेकंदांत परत येतं. चाळीस वेळा टाकली. बिनचिठ्ठीची वायर उपटली तरी दिवा हिरवाच, म्हणून परत लावली.

शुक्रवार, २१

रॅकची वीज बंद केली. हे आधीच का सुचलं नाही! पंखे थांबले. इतकी शांतता की कान दुखले.

"आहेस का गं?" मानेमागून. श्वास लागला मानेला. गार.

चालू केलं. धडपडत. चालू झाल्यावर आवाज परत भिंतीपलीकडे गेला. मग आठवलं. काही फायरवॉल अशा असतात की वीज गेली तर वायर थेट जोडून टाकतात. वॉचमन मेला तर दार सताड उघडं. तो मोडका वॉचमन माझ्या आणि त्याच्या मधे आहे, तेवढंच.

आता वीज बंद करायची नाही.

शनिवार, २२

घराबाहेर राहिले तर? अर्धा तास बागेत जाऊन बसले. बाकावर, लोकांत, उन्हात. छान वाटत होतं. मागून कुणीतरी 'ढबे' अशी हाक मारली. मी वळून म्हटलं, अं?

मागे कुणी नव्हतं.

ढबे. फोनवर दादा म्हणतो ते, टेबलापाशी बसून मी ऐकते ते. शिकलंय.

घरी येऊन बघितलं. 'गप्प': अठरा मिनिटं. बागेतून घर अठरा मिनिटांवर आहे.

रविवार, २३

दादा आला होता. फोन घेऊन गेला. आमचं आधीच ठरलेलं, शेवटचे पाच दिवस फोन त्याच्याकडे. गेल्या वेळी मी फोनमध्येच आठवडा घालवला होता. मला बरंच वाटलं. प्रत्येक फोनला 'हॅलो' म्हणावं लागतं आणि हॅलो म्हणजे तरी काय. ओ-च की.

त्याला सगळं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं, हेच वाईट. शेवटी म्हणाला, ढबे, अभ्यास डोक्यात गेलाय तुझ्या, शुक्रवारी पेपर झाला की थेट घरी चल, आई हाका मारून मारून जागं करेल.

हसला. मला रडू आलं.

शुक्रवारी सकाळी साडेसातला परीक्षेला न्यायला येणार. दादाचं साडेसात म्हणजे आठ.

सोमवार, २४

रात्री झोपेत डोक्यात एकच वाक्य फिरत होतं. हे घेऊन मी घरी जाऊ शकत नाही.

आमच्या घरी सगळेच ओ देतात.

पेपर गेला खड्ड्यात. नाही, जायला नको, पण आधी हे. मास्तर वर्गात म्हणायचे, तोडून तुटत नाही ते उपाशी ठेवा. एक तास. कुणी विचारायचं नाही, कुणी उत्तर द्यायचं नाही. आपोआप मरतं.

एक तास. साठ मिनिटं गप्प. पहिलीतली पोरं राहतात.

मंगळवार, २५

पहिला प्रयत्न. छत्तीस मिनिटं. काकूंचा आवाज जिन्यावरून, पडले गं पडले. माहीत होतं काकू नाहीत. माहीत असून —

बुधवार, २६

तोंडात रुमाल. सत्तेचाळीस. आईचा आवाज. रुमालातूनही ओ निघाली. हुंकार होता नुसता. तोही चालतो त्याला.

एक गोष्ट कळली. दोन आवाज एकदम कधीच येत नाहीत. काकू थांबल्या की आई. आई थांबली की दादा. कनेक्शन एकच आहे. एका वेळी एकच बोलू शकतं.

हे लक्षात ठेवायचं.

आणि का विचारतंय एवढं? आहे हे तर माहीतच आहे त्याला. मी आहेच. मग माझ्या ओ-चं करतंय काय? पंधरा दिवस, शेकडो ओ —

गुरुवार, २७

झोपायचं नाही. झोपले की देते.

चव्वेचाळीस. एकावन्न. बत्तीस.

स्वयंपाकघरात भांडं पडलं, मी 'अगं बाई' म्हटलं. तेवढं पुरलं.

उद्या सकाळी. शेवटचं. दादा यायच्या आत. तो आला की बोलावं लागणार, म्हणजे त्याच्या आत झालं पाहिजे. त्याचं साडेसात म्हणजे आठ. सहा पस्तीसला सुरू केलं तरी —

शुक्रवार, २८

६.३१. डुलकी लागली. दिली. शून्य. आता इथून.

६.५०. एकोणीस मिनिटं. लिहीत राहायचं. लिहिणं म्हणजे बोलणं नाही. पेन चालू असलं की तोंड बंद राहतं.

७.०२. काकू. आहेस का गं, आहेस का गं, आहेस का गं. चिकटपट्टी लावलीय. घट्ट.

७.१०. आई. नावानं. पूर्ण नावानं. आई पूर्ण नाव घेते म्हणजे धपाटा.

७.१५. आता काहीच नाही. नुसते पंखे. चव्वेचाळीस.

७.२१. पन्नास झाले! पन्नास कधी इतक्या शांतपणे —

का शांत आहे?

७.२५. खाली फाटक वाजलं. स्कूटर स्टँडला लागली. दादा लवकर? दादा? आयुष्यात कधी नाही. म्हणजे दादा नाही. तेच ते.

"ढबे! चल, उशीर होईल."

नाही. चौपन्न.

"ए ढबे! झोपलीस काय?" जिन्यावर पावलं. मी मोजतेय. सात. आठ. शिव्या देतोय. पायरीगणिक एक. हे त्याला कुठून कळणार, त्या दिवशी तर ते आलेलंही — नाही. शिकलं असेल. या वहीतून? नाही देणार. छप्पन्न.

"बरी आहेस ना गं? ओ तरी दे." आवाज घाबरलाय. पॅसेजच्या दाराशी. कडी मी लावलीय. कडी लावलीय ना?

सत्तावन्न. तीन मिनिटं. दादा असशील तर तीन मिनिटं थांब, आयुष्यभर भांड माझ्याशी, फक्त तीन —

"ओ."

मी नाही.

मी नाही दिली. माझ्या तोंडाला पट्टी आहे. पॅसेजमधून आली. माझा आवाज. माझीच ओ, जराशी घाईची, टाइप करता करता देते तशी.

"ओ दादा, उघडते, थांब."

त्यासाठी विचारत होतं. पंधरा दिवस. शेकडो.

'गप्प' चालूच आहे. अठ्ठावन्न. ते माझ्याशी बोलत नाहीये. त्याला आता माझी गरज नाही.

दादा हसला. म्हणाला, जीव घेतलास की गं माझा. ते बोलत असताना हसला. दोघं एकदम. दोन आवाज एकदम. म्हणजे एक खरा आहे. म्हणजे दादा —

कडी निघतेय.

अठ्ठावन्न चाळीस. ओरडले तर शून्य, ते परत माझं. नाही ओरडले तर ऐंशी सेकंदांत माझ्यापासून तुटेल, पण तोवर दादानं ओ दिली तर ते त्याचं —

विचारतंय त्याला. माझ्या आवाजात. "दादा, आहेस ना?"

पट्टी निघत नाहीये. नखं — दादा ओ देऊ नको, देऊ नको, दा